परिशिष्टातली नदी

८ मार्च, रविवार सकाळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी एक अंग, म्हणजे डावा गुडघा, हल्ली जमिनीला टेकायला तयार होत नाही, तेव्हा सातांवर समाधान मान. इकडे सगळं ठीक. ही बरी आहे. तिने तुझ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला आहे. एक बाही झाली आहे आणि ती मला बसते, यावरून तुझ्याविषयी तिची काय कल्पना आहे ते ओळख.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. आठ पानं, पाठपोट. वाचायला दोन दिवस लागले. लहानपणी बाबा आपल्याला वळणदार अक्षरासाठी रोज दोन पानं लिहायला बसवत, तेव्हा तू खिडकीतून बेडूक बघत होतीस आणि तुझी पानंही मीच लिहून देत होतो. त्याची फळं आता भोगतो आहे. ‘तुमच्या कार्यालयाने माझी नदी मारली’ हे वाक्य तू तीनदा लिहिलं आहेस. एकदा पुरलं असतं. माझा धंदाच मसुद्याचा. पुनरुक्ती मला आधी दिसते, आशय मागून.

रागावू नकोस. मला आशयही दिसला.

तुला वाटतं तसा तिथे कुणी मिशीला पीळ देत बसलेला खलनायक नसतो. असता तर बरं झालं असतं, निदान मिशी दिसली असती. जगभरचे शास्त्रज्ञ मिळून पंधराशे पानं लिहितात. कुठल्या प्रदेशात कोणता जीव उरला, किती उरला, का संपत आला. ती पंधराशे पानं सरकारं वाचत नाहीत. सरकारं वाचतात तीस पानं. त्या पंधराशेची तीस करायची आणि मग ती तीस पानं सव्वाशे देशांच्या प्रतिनिधींसमोर, ओळीओळीने, पडद्यावर दाखवून मंजूर करून घ्यायची, हे माझं काम. बाबांनी सूत्रं पाठ करून घेतली त्याचा एवढाच उपयोग झाला. थोडक्यात लिहिणारा माणूस म्हणून मला ही नोकरी मिळाली.

एखाद्या ओळीवर एकाही देशाने हरकत घेतली की ती ओळ चौकोनी कंसात जाते. कंस सुटला तर ओळ राहिली. सभा संपेपर्यंत सुटला नाही तर ओळ गळाली. सव्वाशे देशांतले शहाणे लोक पाच दिवस बसून हेच करतात. एक कंस टाकतो, दुसरा सोडवतो. तुझी नदी पाचव्या दिवशी सकाळी अकराला पडद्यावर आली. सभागृह आमच्याकडे दोनपर्यंतच होतं; दोननंतर फर्निचर विकणाऱ्यांचं संमेलन होतं आणि त्यांची माणसं दारात खुर्च्या घेऊन उभी होती. अध्यक्षबाई दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे आणि दर पाच मिनिटांनी त्या खुर्च्यांकडे बघत होत्या. तुमच्याकडचा प्रतिनिधी, त्याला आम्ही आपसांत ‘पोपटी टाय’ म्हणतो, त्याने हात वर केला आणि तुझ्या नदीची सबंध रांग, म्हणजे शिंपल्यांचा आकडा, त्यांची वयं आणि शिफारस, कंसात गेली. पुढे बरीच ओढाताण झाली. शेवटी रांग राहिली, शिंपल्यांचा आकडा राहिला, आणि वयांचा तक्ता परिशिष्टात गेला. बाकीचं तुला माहीत आहे. संरक्षण कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या समितीने सारांश वाचला, आकडा पाहिला, गेल्या सहा वर्षांत चार हजार एकशे तीसचे चार हजार एकशे बारा, म्हणजे घट नगण्य. ‘संख्या स्थिर. तूर्त कारवाईची गरज नाही. दहा वर्षांनी फेरआढावा.’

मी तुझा विद्यार्थी नव्हतो, पण या विषयात मला नापास करू नकोस. तुझा शिंपला शंभर वर्षं जगतो. त्याचं पोर मात्र माशाच्या कल्ल्याला चिकटून काही महिने काढल्याशिवाय जगत नाही. तो मासा समुद्रातून परत येतो तो जिथे जन्मला त्याच पाण्यात. आठ वर्षांपूर्वी बंधाऱ्याचे दरवाजे मिटले. तेव्हापासून वरच्या अंगाला ना मासा जन्मला ना शिंपला. तुझ्या त्या पाणबुड्याने उचलून वय मोजलेल्यांत सर्वांत लहान शिंपला आठ वर्षांचा. वरच्या पाण्यात जन्मलेले शेवटचे मासे आता नऊ-दहा वर्षांचे झाले आणि त्यांचं आयुष्यही तेवढंच. या ऑगस्टअखेर सहा आठवडे दरवाजे उघडले तर ते वर जातील. नाही उघडले तर पुढच्या वर्षी उघडून उपयोग नाही, कारण ती वाट माहीत असलेला कुणी उरणार नाही. उरतील चार हजार म्हातारे शिंपले. अजून साठ-सत्तर वर्षं जगतील, निपुत्रिक. बघ, पाठ आहे की नाही?

तू विचारतेस, आता काही करता येतं का. नियमावली काढून पुन्हा वाचली. मंजूर झालेल्या सारांशावर हरकत घेण्याची मुभा शास्त्रज्ञांना नाही, संस्थांना नाही, नागरिकांना नाही. हे गोड शब्दांत सांगता आलं असतं, पण तू गोड शब्दांवर कधीच विश्वास ठेवला नाहीस.

पाणबुड्या काय म्हणतो? एकतीस वर्षं तुझ्याबरोबर पाण्यात काढूनही त्या माणसाला सर्दी कशी होत नाही, हे एकदा शास्त्रीय पद्धतीने तपास. त्याला माझा नमस्कार सांग.

प्रकृतीला जप. थंड पाण्यात स्वतः उतरू नकोस, साठी उलटली आहे, हे मी सांगितलं नाही तर कोण सांगणार?

तुझा,
धाकटा


९ मे, शनिवार

ती. ताईस,

नमस्कार. तुझं दुसरं पत्र आठवडाभर कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडतो आहे. हिने धुवायला टाकताना खिसे तपासले म्हणून वाचलं. तिने ते वाचलंही. म्हणजे कागद वाचला, आणि तिने मजकूरही वाचला.

मला पदोन्नती मिळाली. आता मी सगळ्या मसुद्यांचा प्रमुख. खोली मोठी आहे, खिडकी वाहनतळावर उघडते. तिथे एकच झाड आहे; त्याला पाटी लावून जात आणि कूळ लिहिलं आहे, म्हणजे जैवविविधतेच्या कार्यालयात विविधता किमान एक तरी आहे असं पाहुण्यांना दाखवता येतं. अभिनंदन करू नकोस. तुझ्या पत्रातल्या मजकुरानंतर ते बरं दिसणार नाही.

तू पाणबुड्याला घालवून दिलंस.

मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण वाटलं अक्षरामुळे मी चुकीचं वाचतो आहे. परिशिष्ट मागवून घेतलंस, तक्त्याखाली छापलेलं कारण वाचलंस, ‘नमुना अपुरा’, आणि तो कागद त्याच्यासमोर धरलास. ‘दोनशे बारांचीच वयं! चार हजारांतले दोनशे बारा! तुला दर वर्षी सांगत होते, आणखी मोज, आणखी मोज. नाही. तुझ्या हळवेपणाने नदी बुडवली.’  आणि तो डबा, पाण्यात बघायची तळाला काच बसवलेली बादली आणि ओले मोजे उचलून गेला.

ताई, वयांसाठी तो आणखी शिंपले का उचलत नसे हे तुला माहीत आहे. मीच तुझ्या घरी ऐकलं आहे. तू म्हणत होतीस, पाचशे तरी उचल. तो म्हणाला, ‘बाई, उचलला की तो महिनाभर तोंड उघडत नाही. जेवत नाही. मोजणीसाठी उपाशी ठेवायचा का त्याला?’ तू म्हणालीस, ‘तू कधीपासून त्यांचा वकील झालास?’ तो म्हणाला, ‘तुम्ही फी देत नाही म्हणून झालो.’ त्या दिवशी तू किती हसलीस. शिंपला जिथून उचलला तिथेच, त्याच तोंडाने, त्याच कलाने परत रोवून ठेवणारा माणूस तो.

दोनशे बारा काही कमी नसतात. शितावरून भाताची परीक्षा हा न्याय आपल्या बाबांनी आपल्याला चौथीत शिकवला. शितं दोनशे बारा होती. तक्ता चांगला होता. तक्त्यात काही कमी नव्हतं.

तू विचारशील, मग कारण तसं का छापलं? आमच्याकडे एखादी गोष्ट परिशिष्टात न्यायची तर तीन ठरलेल्या कारणांपैकी एक लिहावं लागतं. ‘जागेअभावी’, ‘माहिती वादग्रस्त’, ‘नमुना अपुरा’. ‘जागेअभावी’ लिहिलं तर जागा करा म्हणतात. ‘वादग्रस्त’ लिहिलं तर वाद कुणाचा ते सांगावं लागतं आणि सरकारं रुसतात. ‘नमुना अपुरा’ हे कुणालाच बोचत नाही. म्हणजे सभागृहात हजर असलेल्यांपैकी कुणालाच. त्या शब्दांचा पाणबुड्याशी काही संबंध नव्हता. ते तसंच लिहितात.

तू ‘पोपटी टाय’ला भर बैठकीत गाठून जाब विचारणार आहेस असं लिहितेस. विचार. तो अतिशय सभ्य माणूस आहे, तुला चहा पाजेल. पण आधी पाणबुड्याकडे जा. मी तुला कधी उपदेश केला नाही. केला तर तू ऐकला नाहीस. तरीही हात जोडून सांगतो, जा. तो लेकीकडे गेला आहे असं तू लिहितेस, म्हणजे पत्ता असेलच.

हिने तुझं पत्र वाचून घडी घातली आणि मला विचारलं, ‘तुम्ही त्यांना काय लिहिणार?’ म्हटलं, लिहीन काहीतरी. ती म्हणाली, ‘काहीतरी तर तुम्ही रोजच लिहिता.’ आणि स्वेटर उसवायला घेतला. बाही फार लांब झाली म्हणे.

एकवीस तारखेपर्यंत मी इथेच आहे. मग आठ दिवस रजा घेणार आहे. त्याआधी काही लिहायचं झालं तर लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

धाकटा


२ जून, मंगळवार

ताई,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ‘तक्ता परिशिष्टात गेला.’ तक्त्याला पाय नसतात. मी नेला.

त्या दिवशी साडेअकराला अध्यक्षबाईंनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली. मी कॉफीच्या यंत्रापाशी पोपटी टायला गाठलं. पडद्यावर तुझी नदी कंसात होती, सबंध. आकडा, वयं, शिफारस, सगळं. दोनला सभागृह सोडायचं होतं. कंस सुटला नसता तर नदी साऱ्या अहवालातून गळाली असती, नावानिशी. मला वाटलं, निदान नाव राहू दे. म्हटलं, ‘आकडा ठेवू, वयांचा तक्ता मागे नेऊ. तुम्ही कंस काढता का?’ तो म्हणाला, ‘काढतो की.’ यंत्रातून कप भरायच्या आत म्हणाला. इतक्या चटकन होकार मिळाला तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही. उलट मला आनंद झाला. हो, आनंद. भावाने बहिणीची नदी वाचवली, असं मी स्वतःला सांगितलं आणि साखरेची दुसरी पुडी घेतली.

आणि ‘ते तसंच लिहितात’ असं जे दुसऱ्या पत्रात लिहिलं, त्यातले ‘ते’ मीच. ‘नमुना अपुरा’ हे माझं लिखाण आहे. तीनांतलं सर्वांत निरुपद्रवी म्हणून निवडलं. लिहायला दोन सेकंद लागले. तुमची एकतीस वर्षं त्या दोन सेकंदांत कशी मावली ते मला सांगता येत नाही.

चार हजार एकशे बारा हा आकडा मला भरभक्कम वाटला, ताई. तू मला इतक्या वेळा सांगितलं होतंस की मोजदाद म्हणजे नदी नव्हे, गाव म्हाताऱ्यांनी भरलेलं असलं तरी गाव संपलेलं असू शकतं. पहिल्या पत्रात मी तो सगळा पाठ तुला घडाघडा म्हणून दाखवला. पाठ होता, कळला नव्हता. जी गोष्ट मागे नेली तीच नदी होती, आणि जी पुढे ठेवली ती तिच्याविरुद्धची साक्ष. पोपटी टायला हे कळलं होतं. तो तुझा विद्यार्थी शोभला असता.

इथवर नुसती चूक होती. चुकीला माणूस क्षमा मागू शकतो. आता पुढचं वाच.

तू विचारलं होतंस, काही करता येतं का. मी लिहिलं की शास्त्रज्ञांना, संस्थांना, नागरिकांना मुभा नाही. ते अक्षरशः खरं आहे. त्याच कलमाची पुढची ओळ मी लिहिली नाही: मसुदाकाराला आहे. सारांश करताना आपल्या हातून आशय बदलला असं मसुदाकाराने स्वतः लिहून दिलं, तर नव्वद दिवसांच्या आत तो विषय पुन्हा समितीपुढे जातो. एक पानी अर्ज. नमुना छापील आहे. मुदत एकवीस मेपर्यंत होती.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा एकोणऐंशी दिवस हातात होते. दुसरं आलं तेव्हा एकोणीस.

मी अर्ज भरला होता. दोनदा भरला. पहिल्यांदा मार्चमध्ये, आणि त्याच दुपारी वरिष्ठांनी बोलावून पदोन्नतीची बातमी दिली. ‘तुमचे मसुदे बिनचूक असतात, म्हणून,’ असं म्हणाले. मी आभार मानले. अर्ज खणात गेला. मग मला एक कारण सापडलं, आणि ते खोटं नव्हतं: एक ओळ उघडली की ते सबंध प्रकरण उघडतं. त्या प्रकरणात त्रेचाळीस ठिकाणं आहेत, त्यांतल्या अडतीसांना संरक्षण मिळालं आहे. दलदली आहेत, एक बेट आहे, एक जंगल आहे ज्यात माणूस शिरत नाही. प्रकरण उघडण्याची वाट बघत निदान दहा प्रतिनिधी कंस परजून बसले आहेत. एका नदीपायी अडतीस जागा पणाला लावायच्या का? असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि तो इतका भारदस्त होता की त्याच्या आड मला दोन महिने सहज बसता आलं.

कदाचित ते कारण बरोबरही असेल. एखाद्या शहाण्या माणसाने हिशेब करून हेच ठरवलं असतं. पण मी ठरवलं नाही. मी आधी घाबरलो आणि मग कारण शोधलं. कोणतं आधी आलं हे मला पक्कं माहीत आहे, कारण दोन्ही वेळी मी तिथे होतो.

एकवीस तारखेला गुरुवार होता. पाच वाजता कार्यालयाची खिडकी बंद होते. चारला मी दुसरा अर्ज घेऊन जिन्यापर्यंत गेलो. जिन्यात एक सहकारी भेटला, त्याने गुडघ्याची चौकशी केली. मी त्याला गुडघ्याविषयी सविस्तर सांगितलं. फार सविस्तर. पाच वाजून गेले.

घरी येऊन हिला सांगितलं. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, ‘तुमच्या बहिणीने त्या माणसाला तोडलं तेव्हा तरी बोलायचं होतंत. नदीचं मला कळत नाही. हे कळतं.’ तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ, किल्ली, वेळ.

रजा घेऊन मी पाणबुड्याकडे गेलो. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. त्याला गच्चीवर एक खोली दिली आहे. तो नातीच्या सायकलचं पंक्चर काढत होता. ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. तीच बादली, काच बसवलेली.

‘या भाऊ,’ म्हणाला. ‘बाई बऱ्या आहेत ना?’

मी सगळं सांगितलं. यंत्रापासून जिन्यापर्यंत. त्याने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मग ट्यूब पुसत म्हणाला, ‘म्हणजे दोनशे बारा पुरेसे होते.’

‘पुरेसे होते.’

‘मला वाटलं, खरंच कमी पडले. महिना झाला, रोज वाटतं, आणखी शंभर उचलले असते तर काय बिघडलं असतं.’ त्याने ठिगळ उचललं. ‘चला. तेवढं तरी बरं झालं.’

मी म्हटलं, मी ताईला लिहिणार आहे.

‘नका लिहू.’

‘का?’

‘माझ्यावर रागावल्यात तर रागावू द्या. मला सवय आहे. एकतीस वर्षं रागावल्यात.’ त्याने ठिगळावर अंगठा दाबून धरला. ‘त्यांना तुम्ही एकच भाऊ ना? तुमच्यावर रागावल्या तर मग कुणाकडे जातील?’

मी विचारलं, या वर्षी मोजायला उतरणार का, निदान नोंद तरी राहील.

तो हसला. ‘काय मोजू, भाऊ? गेल्या वर्षी होते तेच असणार. त्यांच्यात कमी व्हायला वेळ लागतो. पुढची साठ वर्षं कुणीही उतरलं तरी आकडा तोच निघणार.’ मग म्हणाला, ‘आणि कान गेले आता. डॉक्टरने पाणी बंद केलंय.’

निघताना त्याच्या लेकीने दार उघडलं आणि मला हळूच विचारलं, ‘तुम्ही त्यांच्या कामावरचे का? काही भांडण झालंय का? हल्ली जेवत नाहीत नीट.’ मी म्हटलं, भांडण झालं होतं, पण त्यात त्यांची चूक नव्हती. ती म्हणाली, ‘ते मला माहीत आहे.’

त्याने नको म्हटलं तरी मी लिहितो आहे. वाटेत गाडीत बसून पुष्कळ तर्क लढवला, कारण तो मला येतो. त्याच्या सांगण्यात दया होती आणि ती घ्यायला माझा हात पुढे होत होता, तेव्हाच समजलं की ती घ्यायची नाही. तुझा एक भाऊ शाबूत राहावा म्हणून त्या माणसाने खोट्या दोषाखाली म्हातारं व्हायचं, हे नको.

सोबत दोन कागद आहेत. एक माझ्या सहीचं निवेदन, त्यात सगळं तारखांसह आहे. ते कुणालाही दाखव, छापून आण, बैठकीत वाच. माझ्या नोकरीची काळजी करू नकोस; ती करायला मी पुरेसा आहे हे सिद्ध झालंच आहे. वरिष्ठांना प्रत काल दिली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, मुदत उलटून गेल्यावर दिलेला कागद नोंदवून घेता येत नाही, आणि मला परत दिली. अगदी प्रेमाने. निवेदनाने नदीचं काहीही होणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. आता कुणाच्याच सहीने काही होणार नाही. मी सगळ्या नियमावल्या पाहिल्या. या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत.

दुसऱ्या कागदावर पाणबुड्याचा पत्ता आहे. तिसरा मजला, मग गच्चीचा जिना. घंटा वाजत नाही, दारावर थाप मारावी लागते, आणि जोरात, कारण त्याला ऐकू कमी येतं.

ऑगस्टअखेर ते मासे बंधाऱ्याशी येतील. तू दर वर्षी जातेस तशी जाशील. मी सोबत येऊ का हे विचारायला पत्रात दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. तू त्यांच्याकडे बघत असताना कुणीतरी शेजारी असावं असं मला फार वाटतं. तो कुणीतरी मी असू नये, एवढं मला कळतं. त्याला घेऊन जा. पाण्यात उतरू देऊ नकोस.

दहा वर्षांनी फेरआढावा होईल. तेव्हा मी निवृत्त झालेला असेन आणि दुसरा कुणी मसुदा करील. तो प्रामाणिक माणूस असेल, नदीत माणसं पाठवून मोजणी करून घेईल आणि लिहील, ‘संख्या स्थिर.’ ते खरं असेल. त्या ओळीवर एकही देश कंस टाकणार नाही.

उत्तर दिलंस तर शिव्या दे, क्षमा नको. क्षमा मी कुठे ठेवू ते मला कळणार नाही. नाहीच दिलंस, तर तेही उत्तर मला वाचता येईल.

तुला ताई म्हणायचा अधिकार तुझ्या मनात उरला असेल तितकाच,
तुझा भाऊ